चौथा पत्रा

१

शेडचं दार उघडताना मी मनाची तयारी केली होती ती उंदरांच्या घरट्यांची, गंजलेल्या सांगाड्याची आणि चिकटून बसलेल्या इंजिनाची. आत सापडली एक निगुतीनं झोपवलेली जीप.

चार बाजूंना विटांचे ठोकळे, त्यावर गाडी. चाकं काढून भिंतीशी टेकवलेली आणि गोणपाटानं झाकलेली. टाकी कोरडी. बॅटरीच्या वायरींची टोकं ग्रीस लावून कापडात गुंडाळलेली. स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात तेल सोडलेलं आणि वर लाकडाची बुचं. परगावी जाणारा माणूस घर बंद करतो तशी बाबांनी ती बंद केली होती. मला वाटलं, माझ्यासाठीच.

सात वर्षं मी दूर शिकत होते. पाण्याचं शास्त्र शिकले. बाबा गेले त्यालाही आता दोन वर्षं झाली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. या वेळी मात्र मी पोचले ती एक बेत घेऊन. डोंगरावर पाच वस्त्या आहेत. तिथल्या पोरांचे दात डागाळलेले, काहींचे पाय वाकडे. झऱ्यात काय आहे ते कुणी कधी तपासलं नाही, कारण तिकडे जाणारा रस्ता इतका उभा आहे की साधी गाडी अर्ध्यातच मान टाकते. बाबांची जीप चढते. बाबांनीच त्या रस्त्याची आखणी केली होती, त्याच जीपमधून, एकट्यानं हिंडून. जीपच्या मागच्या भागात छोटी प्रयोगशाळा बसवायची आणि महिन्याच्या एक तारखेला पहिली फेरी करायची असं मी ठरवलं होतं. वस्त्यांवर निरोपही गेले होते. हातात पाच आठवडे होते.

गाडीची मूळ माहितीपुस्तिका मिळाली. कारखान्यातून निघाली तशीच मला ती करायची होती, बोल्टसुद्धा त्याच मापाचा. सगळं जागेवर होतं. नव्हती फक्त पुढची डावी सीट, चालकाच्या शेजारची. तिथला पत्रा सपाट, गुळगुळीत. सीटच्या पायांची चार भोकं मी बोटांनी चाचपली तर सापडेनात. खरवडून पाहिलं. रंगाखाली चार गोल डाग. भोकं वेल्डिंगनं भरून, घासून, वरून रंग दिलेला.

सीट छपराच्या तुळईला टांगलेली होती. ताडपत्रीत गुंडाळून, दोरीला सात गाठी मारून.

२

आमच्या कोपऱ्यावर पत्र्याचं काम करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना ठोकेकाका म्हणतात. चाळीस वर्षं हातोडा चालवून त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते जगाशी ओरडून बोलतात.

"ही भोकं तुझ्या बाबांनी माझ्याकडूनच बुजवून घेतली होती," ते ओरडले. "तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा."

"का?"

"मी विचारलं. म्हणाले, विचारू नको, कर. मी केलं. लोक मला ठोकेकाका म्हणतात, विचारेकाका नाही."

मी त्यांना माझं मत ऐकवलं. यंत्र बनवणाऱ्यानं प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी केलेली असते. पुढे लोक आपल्या सोयीसाठी तोडमोड करतात, विचार न करता. आपण ते परत मूळ जागी आणायचं. मी हे बरंच लांबवलं असावं, कारण काकांनी मधे दोनदा तंबाखू मळली.

"विचार न करता?" ते म्हणाले. "तुझे बाबा चहात साखर घालतानासुद्धा चमचा हातात धरून विचार करायचे."

"मग कारण लिहून ठेवायचं होतं. माझं तेच तर म्हणणं आहे, काका. या घरात कुणी कुणाला काही सांगतच नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि ड्रिल मागितलं. चारही भोकं उघडली तेव्हा खाली पडलेला लोखंडाचा कीस त्यांनी हातानं गोळा करून खिशात टाकला. तो कीस त्यांना कशाला हवा होता कोण जाणे.

३

सीटची गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"बसवलीस?"

"उद्या बसवते. कापड फाटलंय, ते नवं शिवायला हवं."

"मी शिवते," ती म्हणाली. पुन्हा भाजीकडे वळली, मग मान वर न करता बोलू लागली. "लग्नानंतर तीन वर्षं मी म्हणत होते, मला एकदा वर घेऊन चला, तुमचा रस्ता दाखवा. रोज एकच उत्तर. खालचा पत्रा गंजलाय, बदलतो, मग बस. एकदा बदलला. दोनदा बदलला. तिसऱ्यांदा बदलला आणि मग सीटच काढून टाकली. म्हणे, पुढे जागा नाही. तुला घेऊन मी दवाखान्यातून भाड्याच्या गाडीनं आले, आणि दारात स्वतःची जीप उभी."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारून सांगणारा माणूस होता का तो?" ती हसली, पण ते हसणं खूप दिवस डब्यात ठेवल्यासारखं होतं. "शेजारची म्हणायची, पुढे दुसरी कुणी बसत असेल. मी म्हटलं, सीटच नाही तर बसेल कुठं."

मी तिला तिथंच शब्द दिला. एक तारखेला पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर ती बसेल. बाबांनी तीस वर्षं जे केलं नाही ते मी पाच आठवड्यांत करीन.  आई म्हणाली, "भाषण पुरे, सुई-दोरा आण," आणि कपाटाकडे गेली. चार वर्षांपूर्वी ती पायऱ्यांवरून पडली तेव्हापासून तिचा उजवा पाय नीट उचलत नाही. एक पाऊल टेकतं, दुसरं घासतं. घरात ती कुठं आहे ते बघावं लागत नाही, ऐकू येतं.

त्या अपघातानंतर महिन्याभरातच बाबांनी जीप विटांवर चढवली होती. आता पुरे, म्हणाले. बायकोच्या सेवेसाठी गाडी सोडली म्हणून गल्लीत त्यांचं फार कौतुक झालं होतं.

४

सीट बसवली. आईनं निळ्या जाड कापडाची खोळ शिवली होती, शिवण अशी सरळ की पट्टी लावून मोजावी. मी चारही नट आवळले, पुसले आणि जेवायला गेले.

परत आले तर सीटसमोरच्या पत्र्यावर दोन पोचे.

एवढंच. बसलेल्या माणसाच्या टाचा जिथं येतील तिथं, शेजारी शेजारी. डावा उथळ, नुसता बशीसारखा. उजवा खोल, आणि बाहेरच्या अंगाला कललेला, जणू टाच सगळा भार बाहेरच्या कडेवर टाकत होती.

मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर आनंद झाला, कारण प्रश्न छोटा आणि स्वच्छ होता. नट आवळताना मीच तिथं गुडघे टेकले असणार. मी गुडघे टेकून पाहिलं, जागा जुळेना. मग वाटलं, भोकं पाडताना पत्रा ताणला गेला असेल आणि सीटच्या वजनानं बसला असेल. हे बरं वाटलं. खालून लाकडी मोगरीनं ठोकून दोन्ही पोचे काढले, वर लाल प्रायमर मारला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले होते. त्याच जागी, त्याच कलानं. प्रायमरला उजव्या पोच्याच्या कडेनं केसाएवढ्या भेगा गेल्या होत्या.

मी वही काढली. रोज दोनदा पोच्याची खोली मोजायची आणि लिहायची. सीट काढून ठेवली त्या दिवशी खोली वाढली नाही. सीट परत लावली त्या दिवशी वाढली. सीटवर वाळूची गोणी ठेवून पाहिली. त्या दिवशीही वाढली नाही. म्हणजे वजनाचा प्रश्न नव्हता. जागा रिकामी असावी लागत होती.

हे वाक्य वहीत लिहून झाल्यावर मी ते खोडलं. मग खोडणं शास्त्राला धरून नाही म्हणून परत लिहिलं.

५

ठोकेकाकांना दाखवलं. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"हा पत्रा मीच घातलाय. चौथा. तीस वर्षं याच्यावर ओरखडा नव्हता."

"आधीचे तीन कुठं आहेत?"

"तुझे बाबा काही फेकायचे नाहीत, तुला ठाऊक आहे."

मला खरंच ठाऊक होतं. शेडमागे पाण्याच्या जुन्या टाकीवर झाकण म्हणून तीन पत्रे एकावर एक रचलेले होते आणि वर दगड. लहानपणी मी त्या दगडावर बसून अभ्यास केला होता. दगड सरकवला, पत्रे उन्हात मांडले, वरची माती ब्रशनं झाडली.

तिन्हींवर दोन पोचे होते. डावा उथळ, उजवा खोल आणि बाहेर कललेला. व्हर्निअर लावून मोजलं. दोन पोच्यांमधलं अंतर तिन्हींवर सारखं, आणि माझ्या चौथ्या पत्र्यावरही तेवढंच. पहिल्या पत्र्यावर उजवा पोचा पाच मिलिमीटर खोल होता. दुसऱ्यावर नऊ. तिसऱ्यावर पत्रा फाटला होता. फाटलेली जीभ खालच्या बाजूला वळलेली.

त्यांच्या मागच्या बाजूंना मोगरीच्या खुणा होत्या, शेकड्यांनी. बाबांनीही ते ठोकून काढले होते, पुन्हा पुन्हा, माझ्यासारखेच. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की हसू आलं. आम्ही दोघं एकाच प्रयोगावर होतो. त्यांनी फक्त वही ठेवली नव्हती.

"काढून टाक ती सीट," काका म्हणाले.

"आईला शब्द दिलाय."

"मग मागे बसव."

मागे जागा नव्हती. कपाटं, बाटल्यांचे खण, पाण्याचा छोटा पंप, सगळं मी स्वतः बोल्ट करून बसवलं होतं. माणूस मावेल एवढी फट शिल्लक नव्हती, आणि त्या नियोजनाचा मला अभिमान होता.

६

महिन्याचा शेवटचा दिवस. गाडी चाकांवर आली होती, इंजिन पहिल्याच दिवशी खोकून सुरू झालं होतं, ब्रेक नवे होते. दुपारी चारच्या सुमाराला मी चाकांच्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकले. शेवटची तपासणी. शेडचं दार सताड उघडं, ऊन थेट आत. अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

मी पत्र्याच्या बरोबर खाली होते. सकाळीच ठोकून सपाट केलेला लाल पत्रा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर वर.

आधी सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. मग वर काहीतरी टेकलं. आणि मग, घासलं.

तो आवाज ओळखीचा होता, म्हणून मला जराही भीती वाटली नाही. "आई, आत्ताच कशाला बसलीस?" मी म्हटलं. "रंग ओला आहे, कपडे खराब होतील."

"काय गं?" आईचा आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून आला. "मला म्हणालीस? मी भांडी घासतेय."

पत्रा माझ्या डोळ्यांसमोर खाली येत होता. आधी डावीकडे, थोडासा, बशीसारखा. मग उजवीकडे. सावकाश, एखाद्यानं सावरून बसावं तसा. प्रवासाला निघालेलं माणूस पाय नीट ठेवतं ना, तसं. मी हात वर करून तिथं तळवा लावला. माझी ही सवय वाईट आहे, मला प्रत्येक गोष्ट हात लावून बघायची असते. लोखंड कोमट होतं आणि त्यातून बारीक थरथर येत होती. इंजिन बंद होतं, पण उतारावर गाडी धावताना येते तशी थरथर.

मग उजवा पोचा एकदम खाली आला. माझा तळवा मागे ढकलला गेला. खालच्या बाजूच्या जुन्या रंगाचे तुकडे तोंडावर पडले. कुणीतरी संपूर्ण बळ एकवटून टाच दाबत होतं, दाबूनच धरत होतं, चालकाच्या शेजारी बसलेला माणूस दाबतो तशी, जिथं ब्रेक नसतो तिथं.

आणि सुटलं. पाय उचलल्यासारखं नाही. नुसतं, तिथं कुणी नव्हतं.

भांडी वाजत राहिली. पलीकडे आईनं नळ बंद केला.

७

संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसलो. डोळ्यात गेलेला रंगाचा कण आईनं पदराच्या टोकानं काढून दिला.

"उद्या किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.

"सातला."

"मी सहालाच तयार होते. गॉगल घेतलाय मी. हसू नकोस."

ती आत गेली. टेकलेलं पाऊल, घासलेलं पाऊल. चपला पायरीवरच राहिल्या. मी त्या आत ठेवायला उचलल्या आणि हातात तशाच धरून बसले.

डाव्या चपलेची टाच नुसती झिजलेली होती. उजवीची बाहेरच्या अंगानं, तिरकी, पार तळापर्यंत गेलेली.

मी शेडमध्ये गेले. पत्र्यावर चपला ठेवल्या. बसल्या. शेडमागे जाऊन जुन्या तिन्हींवर ठेवून पाहिल्या, कारण तपासल्याशिवाय मी काही मानत नाही. तिन्हींवर बसल्या.

ते पत्रे माझ्या जन्माच्या आधीचे. आईचा पाय गेला त्याला चार वर्षं झाली. त्याआधी ती गल्लीत सगळ्यांत झपाझप चालणारी बाई होती. आणि त्या सीटवर ती अजून एकदाही बसलेली नव्हती.

बाबांना तीस वर्षांपूर्वी ते पाऊल कुणाचं हे कळलं नसेल. एवढंच कळलं असेल की तिथं कुणी बसायला नको. मग चार वर्षांपूर्वी आई काठी सोडून पहिल्यांदा घरात चालू लागली असेल, आणि खुर्चीत बसून त्यांनी ते ऐकलं असेल. मी समजत होते, गाडी माझ्यासाठी जपून ठेवलीय. विकली असती तर कुणीतरी भोकं उघडली असती, सीट बसवली असती, आणि एखाद्या दिवशी पाय ओढत चाललेल्या बाईला बघून गाडी थांबवली असती. सीट टाकून दिली असती तरी कुणीतरी उचलून कुठल्यातरी गाडीत लावली असती. म्हणून सात गाठी.

आणि ती भोकं अखेर मीच उघडली होती.

८

सकाळी सहाला मी ठोकेकाकांचं दार वाजवलं. वेल्डिंगचं यंत्र हातगाडीवर घालून ते लगेच आले. मी सीटचे चार नट आधीच सोडवले होते. काकांनी एकदा सीटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"विचारू का?"

"नको, काका."

"बरं."

चारही भोकं भरून झाली तेव्हा शेडमध्ये जळक्या रंगाचा वास होता. मी सीट गुंडाळली, तुळईला बांधली, गाठी मारल्या. रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्यांची पेटी ठेवून दोरीनं आवळली. वर वस्त्यांवर माणसं थांबली होती. जायचं हे नक्की होतं. कुणाला घेऊन जायचं नाही, तेही.

आई अंगणात आली. ठेवणीतली साडी, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर गॉगल. शेडच्या दारात थांबली आणि गॉगल काढला.

"सीट कुठंय?"

रात्रभर मी वाक्यं जुळवत होते. या घरात काही लपवायचं नाही, प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायचं, असं मीच सगळ्यांना सांगत फिरले होते. पण हे कारण एकदा सांगितलं तर आई पुढचं प्रत्येक पाऊल टाकताना ते ऐकेल. घरात, अंगणात, देवळाच्या पायरीवर, शेजारच्यांच्या गाडीत बसताना. तो आवाज माझ्या कानात होता तेवढा पुरे होता.

"पुढे जागा नाही, आई," मी म्हटलं.

"पेटी मांडीवर घेते."

"नको."

"मग पेटीवर बसते. मला चालतं."

"नाही."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. काजळी, भाजल्याचा डाग. मग पेटीच्या चार कोपऱ्यांशी दिसणाऱ्या ताज्या, काळ्या ठिपक्यांकडे. काका पाठ फिरवून वायर गुंडाळत होते.

"सात वर्षं शिकून आलीस," ती म्हणाली, "आणि निघालीस बापाचीच."

तिनं गॉगल पिशवीत टाकला आणि वळली. अंगण ओलांडून, पायऱ्या चढून ती आत जाईपर्यंत मी ऐकत राहिले. टेकलेलं पाऊल, घासलेलं पाऊल. ते त्याच घरात चालत राहावं, तिनं माझ्याशी बोलणं सोडलं तरी राहावं, एवढं मी ठरवलं होतं. मग मी एकटीच चढून बसले आणि किल्ली फिरवली.